वसुली झाली म्हणून अपहार मिटत नाही

महोदय,

ग्रामपंचायतींच्या निधीतील घोळाच्या बातम्या आपण सातत्याने छापता, ते गरजेचेच आहे. पण हिशेबात चुकलेला ग्रामसेवक आणि पैसा खाणारा ग्रामसेवक यांना एकाच माळेत ओवले जाते आणि त्याचा फायदा खाणाऱ्याला होतो. लेखा विभागात नोकरी झाल्यामुळे हे जवळून पाहिले आहे.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. एकाने त्यातून शाळेची पडलेली भिंत बांधून घेतली. ग्रामसभेचा ठराव होता, मापनपुस्तिकेत (कामाच्या मोजमापांच्या वहीत) नोंद होती, रक्कम ठेकेदाराच्याच खात्यात गेली होती आणि भिंत उभी होती. चुकले ते लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या सदरात टाकला ते. दुसऱ्या गावात पाणीपट्टीचा प्रकार. घरमालकाकडच्या पावतीवर बाराशे रुपये, पावतीपुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर दोनशे आणि कीर्दीला (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) जमाही दोनशेच. अशा पावत्या पुस्तकभर निघाल्या. भिंतवाला निलंबित झाला, पोलीस ठाण्याच्या चकरा मारून थकला. पावतीवाल्याने तपासणी लागताच पैसे भरले आणि ‘वसुली झाली, आक्षेप निकाली’ असा शेरा मिळवून तो मोकळा झाला. मला याची आजही चीड येते.

पैसे भरले की सुटका, असे कायद्यात कुठेही नाही. लोकसेवकाने केलेल्या फौजदारी विश्वासघातासाठी (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 409, आता भारतीय न्याय संहितेचे 316) अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. तो असेल, तर थोड्या काळापुरता केलेला अपहारही अपहारच, असे स्पष्टीकरण जुन्या दंड संहितेत होते आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे नंतर भरलेल्या पैशाने गुन्हा धुतला जात नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात मात्र एक पोटकलम असे होते, की सार्वजनिक हिताशिवाय कोणाला आर्थिक लाभ झाला तरी अधिकारी अडकू शकत होता. माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांना कोळसा खाणवाटप प्रकरणात 2017 मध्ये शिक्षा झाली तेव्हा त्यावर देशभर चर्चा झाली. 2018 च्या दुरुस्तीने ते काढून अप्रामाणिक अपहार आणि जाणूनबुजून केलेली बेकायदा कमाई यांवर भर दिला. हा बदल योग्यच होता, पण तालुक्याच्या कचेरीपर्यंत तो पोहोचलेला दिसत नाही.

हेतू माणसाच्या मनात असतो, तो कसा ओळखणार, असे विचारले जाते. कागद बोलतात. पैसा शेवटी कोणाच्या खात्यात गेला, नोंद उघड होती की खाडाखोड केलेली, आक्षेप आल्यावर दप्तर दाखवले की ‘गहाळ’ झाले, तीच ‘चूक’ किती वेळा झाली आणि दर वेळी फायदा कोणाचा झाला, एवढे तपासले तरी बरेच कळते.

चुकणाऱ्याला सोडून द्या, असे माझे म्हणणे नाही. नुकसान झाले असेल तर वसूल करा, वेतनवाढ रोखा. पण सगळ्यांनाच गुन्ह्याची धास्ती बसली की प्रामाणिक माणूस सहीच करत नाही आणि मार्चअखेर गावाचा निधी तसाच पडून राहतो.

लेखापरीक्षकाने प्रत्येक गंभीर आक्षेपाखाली हेतू ओळखण्याच्या या बाबींवर आपले लेखी मत द्यावे. लबाडी दिसली तर रक्कम भरली असली तरी गुन्हा नोंदवावा, आणि ‘वसुली झाली’ एवढ्यावर आक्षेप निकाली काढणाऱ्या वरिष्ठाकडूनही खुलासा मागावा.

– एक निवृत्त सहायक लेखाधिकारी, पुणे