त्याच हातांनी आगीही लावल्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हॉलिवूडच्या गाण्यांवरील आपल्या पुरवणीतील लेखात 'गँग्ज ऑफ न्यूयॉर्क'मधल्या 'द हँड्स दॅट बिल्ट अमेरिका'ची 'आयरिश कष्टकऱ्यांचे गौरवगीत' एवढ्यावर बोळवण केली आहे. ते पटले नाही.

१८४५ पासून करप्याने आयर्लंडमधले बटाट्याचे पीक गेले. सुमारे दहा लाख माणसे दगावली, त्याहून अधिक परदेशी गेली. बंदरांतून इंग्लंडला धान्य मात्र जातच होते. (तेव्हाच्या मदतकार्याची सूत्रे हाती असलेले चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले!) जगायला न्यूयॉर्क गाठलेल्या या लोकांनी मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले, यात वाद नाही. पण मार्टिन स्कोर्सेसीचा चित्रपट जाऊन थांबतो तो जुलै १८६३ च्या दंगलीपाशी. अमेरिकेतल्या यादवी युद्धासाठी सक्तीची लष्करभरती सुरू झाली होती आणि ३०० डॉलर मोजणाऱ्याला तीतून सुटका होती. मजुराजवळ एवढे पैसे कुठून असणार? संताप रास्तच होता. तो निघाला मात्र आपल्याहूनही दुबळ्यांवर. कृष्णवर्णीयांना भर रस्त्यात फासावर लटकवले, त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. दंगलखोरांत आयरिश मजुरांचा भरणा मोठा होता.

हे सगळे पाहिल्यावर अखेरच्या नामावलीवर यू टू या बँडचे हे गाणे सुरू होते. बँड आयर्लंडमधल्या डब्लिनचा, तरी सूर मिरवणुकीचा नाही. चाल संथ आहे, बँडचा गायक बोनो मायभूमी मागे टाकून आलेल्याची व्यथा गातो. चित्रीकरण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापूर्वीच उरकले होते. तरीही शेवटच्या दृश्यातले जुळे मनोरे स्कोर्सेसीने काढले नाहीत आणि गाण्याच्या अखेरच्या कडव्यात त्या दिवसाचे सावट आहे. याला नुसते गौरवगीत कसे म्हणायचे?

माझी तक्रार वेगळीच आहे. चित्रपट जे धीटपणे दाखवतो, त्या दंगलीबद्दल गाणे अवाक्षर काढत नाही. दुष्काळाच्या काळातून ते थेट काचेच्या इमारतींत पोहोचते. मधली राख टाळल्यामुळे चाल मनात राहते, पण गाणे चित्रपटाच्या तोडीचे होत नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. या गाण्याला गोल्डन ग्लोब मिळाले, ऑस्कर नव्हे. ते २००३ मध्ये रॅपर एमिनेमच्या 'लूज युवरसेल्फ'ने नेले. माझ्या मते योग्यच झाले.

– एक वाचक, मिरज