चार क्रेडिटांचा चिरा

पेडणे,
१४ डिसेंबर

चि. मनवा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज पोचला. फोनवरच उत्तर देणार होतो, पण तुझ्या हॉस्टेलात रेंज टिकत नाही, आणि टिकली तर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणून मला आटोपतेस. म्हणून लिहितो.

प्रश्न असा की सिव्हिलच्या सहाव्या सेमिस्टरला ऐच्छिक विषय घ्यायचा, की त्याऐवजी सरांच्या हाताखाली स्वतंत्र संशोधन करून तेवढीच चार क्रेडिट मिळवायची. मैत्रिणी म्हणतात, ऐच्छिक विषयाला नोट्स असतात, जुने पेपर असतात, दहापैकी नऊचा पॉइंटर ठरलेला. संशोधनात सर किती देतील कोण जाणे.

आधी त्या पॉइंटरचा हिशेब मिटवू. पदवीला साधारण १६० क्रेडिट लागतात, एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, नमुना अभ्यासक्रमात तोच आकडा आहे. चार क्रेडिटांत दहाऐवजी सात मिळाले तर क्रेडिटामागे तीन, एकूण बारा गेले. बाराला १६० ने भाग. तुझा सीजीपीए, म्हणजे सगळ्या पदवीची सरासरी, ०.०७५ ने उतरतो. एवढ्यावर मैत्रिणींनी रात्री जागवायच्या तर जागवू देत.

खर्च आहे तो वेळेचा. प्रॅक्टिकलला आठवड्याचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिटांना आठ तास, पंधरा आठवड्यांचे १२० तास. वर्गात तू पेंगलीस तरी तास होऊन जातो. इथे तू गेली नाहीस तर काहीच होत नाही, आणि कुणी विचारतही नाही. एप्रिल उजाडल्यावर एकदम कळतं. तुला हे झेपेल असं मला वाटतं. तेव्हा संशोधन घे, पण तू कळवलेल्या दोन विषयांपैकी एकही घेऊ नकोस.

"गोव्यातील शाश्वत बांधकाम साहित्य : एक अभ्यास" हा चार क्रेडिटांचा विषय नाही, चार जन्मांचा आहे. अशा मथळ्याखाली माणूस इकडचं तिकडचं गोळा करतो, रंगीत आलेख लावतो, आणि शेवटी "या क्षेत्रात भरपूर वाव आहे" असं लिहून मोकळा होतो. नोकरीत असे अहवाल मी पुष्कळ चाळले. त्यातला एकही आकडा साइटवर कामाला आला नाही.

दुसरा विषय, मशीन लर्निंगने काँक्रीटची ताकद सांगण्याचा. तो डेटा मी शोधून पाहिला. तैवानच्या एका प्राध्यापकांनी १९९८ मध्ये वापरलेला, १०३० नमुन्यांचा. सिमेंट, पाणी, राख, वय असे आठ आकडे आणि समोर ताकद. जगभरची मुलं तोच उतरवून घेतात. प्रोग्रामिंग शिकायला चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण ते नमुने दुसऱ्यांनी भरले, दुसऱ्यांनी यंत्रात दाबून फोडले. एखादा आकडा वेडावाकडा दिसला तर तू कुणाला विचारणार? स्वतः फोडलेल्या नमुन्याचं तसं नसतं. तो एका कोपऱ्यातून का फुटला हे तू डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

माझ्या मनात एक प्रश्न आहे. भिजलेला चिरा, आपल्या लाल जांभ्या दगडाचा ठोकळा, कोरड्या चिऱ्यापेक्षा किती टक्के कमी भार घेतो?

एवढाच. शेवटी एक आकडा येतो, आणि तो आपल्या एखाद्या चिरेखणीचा असतो.

आपलं घर चिऱ्याचं, शाळा चिऱ्याची, देवळाचा प्राकार चिऱ्याचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पोवळी नि कुंपणाच्या भिंती तर गिलाव्याविना उभ्या. भारतीय मानक ३६२०, १९७९ सालचं, म्हणतं की चिऱ्याची दाबातली ताकद निदान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी आणि पाणी शोषणं १२ टक्क्यांच्या वर जाऊ नये. २८ किलोचा कोरडा चिरा १२ टक्के पाणी प्याला तर तीन किलोंहून जास्त पाणी पोटात घेऊन बसतो. अशा भिंतीचा भार डिझाइन करताना आपण कुठल्या अवस्थेतली ताकद धरतो? माझ्या अख्ख्या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही.

जुन्या गोव्यात बॉम जिझसची बॅसिलिका आहे ना, १६०५ सालची. तिचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला, लाल दगड उघडा दिसावा म्हणून. तेव्हापासून तो चिरा दर पावसाळ्यात उघड्यावर भिजतो आहे आणि झिजतो आहे, आणि पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहे. पर्यटकांना लाल रंगच आवडतो, फोटो छान येतात. जुन्या लोकांनी गिलावा हौसेने केला नव्हता हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

पाण्याचा विषय मला एवढा का लागतो, तेही सांगतो. १९७० मध्ये खुला झालेला मांडवीचा पूल ५ जुलै १९८६ ला पडला, तेव्हा मी डिप्लोमाला होतो. पणजीला जायला पुन्हा फेरीबोट आली. काँक्रीटच्या आत ताण देऊन बसवलेल्या तारा गंजल्या होत्या, असं आम्हाला पुढे शिकवलं गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातलं काय दिसणार? २०२४ च्या जुलैत आपल्याच मालपेच्या बोगद्यात पाणी नि चिखल आला आणि कोकण रेल्वेच्या गाड्या अडकल्या. गोव्यात सिव्हिल शिकायचं म्हणजे निम्मा अभ्यास पाण्याचा, मग कॉम्प्युटरवाले मित्र काहीही म्हणोत.

आता एक मोह टाळ. गवंडी तुला सांगतील की खणीतून काढलेला चिरा मऊ असतो, तो वाऱ्यावर ठेवला की घट्ट होतो. ईस्ट इंडिया कंपनीसाठी पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅननने मलबारात हेच पाहून १८०७ मध्ये छापलं. सुकताना त्यातली लोहाची संयुगं घट्ट बसतात, म्हणून तसं होतं. ते तपासावं असं तुला वाटेल, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि तुझ्याकडे पंधरा आठवडे आहेत. ओला आणि कोरडा, एवढंच धर. केरळात आणि मंगळूरकडे या दगडावर काम झालेलं आहे, ते जानेवारीच्या आधी वाचून काढ. नाहीतर परीक्षक तोंडीला पहिलं तेच विचारेल.

काम कसं करशील ते सुचवतो. चिरे २४, एकाच खणीतले आणि एकाच थरातले. वरचा थर कडक असतो, खाली जावं तसा नरम होत जातो. थर मिसळलेस तर तू ओलेपणा मोजते आहेस की खोली, हे तुलाच कळणार नाही. खणीत वरची बाजू कुठली होती, ती तिथेच खडूने खूण कर. भिंतीत चिरा ज्या बाजूवर बसतो त्याच बाजूवर भार द्यायचा. बारा कोरडे, बारा ओले. कुठला कुठल्या ढिगात ते चिठ्ठ्या टाकून ठरव. हाताने निवडलेस तर देखणे चिरे नकळत एकीकडे जातात. आणि खण परवान्याची आहे ना ते पाहा, पावती घे. बेकायदा खणीतला दगड कॉलेजच्या अहवालात मिरवायला नको.

पण हे सगळं करण्याआधी टेप घेऊन लॅबमध्ये जा आणि नमुने सुकवायच्या भट्टीचं दार मोज. हसू नकोस. ३९० मिलिमीटरचा चिरा भट्टीत मावत नाही म्हणून चांगले प्रकल्प मार्चमध्ये अडलेले मी पाहिले आहेत. मावला तर १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकव. मग दाबून फोडायचं यंत्र. ३९० बाय १९० च्या बाजूवर ३.५ चा दाब म्हणजे २६० किलोन्यूटन, सव्वीस टनांच्या आसपास; ताकदीला यंत्र पुरेल. पण त्याच्या तबकड्या १५० मिलिमीटरच्या काँक्रीट क्यूबसाठी बेतलेल्या असतात, चिरा दोन्हीकडे बाहेर राहील. वर-खाली जाड पोलादी प्लेट लागतील. चिऱ्याचं तोंड खडबडीत, त्यावर लेप द्यावा लागेल. जिप्समचा लेप पाण्यात मऊ पडतो, म्हणून सिमेंट मॉर्टरचाच दे, आणि कोरडं वजन लेपाच्या आधी घे. बाकी पद्धत मानक ११२१ आणि ११२४ मध्ये आहे. लॅबच्या कपाटात प्रत असेल, नसेल तर मागून घे.

ती प्रत कुठल्या कपाटात आहे, यंत्र कुठल्या दिवशी रिकामं असतं, प्लेट कुणाकडे पडून आहेत, हे सरांना ठाऊक नसतं, लॅब असिस्टंटला असतं. त्यांच्याशी नीट वाग, काम झाल्यावर जागा झाडून दे. मार्च लागला की शेवटच्या वर्षाची मुलं क्यूब घेऊन रांग लावतात, मग तुझे चिरे कोण विचारतो? फेब्रुवारी संपायच्या आत शेवटचा चिरा फुटायला हवा.

आकडे आले की नुसती सरासरी काढून थांबू नकोस. चिरा हा कारखान्यातला माल नाही. एकाच थरातले दोन शेजारी चिरे निम्म्या-दुपटीने वेगळे निघाले तरी दचकू नकोस. दोन्ही ढिगांचे बाराच्या बारा आकडे टेबलात दे, एखादा कसा फुटला ते फोटोसह दे. ओल्या आणि कोरड्यात फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नसेल, तर तसंच लिही. क्रेडिट उत्तर मनासारखं आलं म्हणून मिळत नाहीत.

सरांकडे "सर, एखादा विषय द्या ना" म्हणून जाऊ नकोस. असं गेलं की सर आपल्या पीएचडीच्या मुलाचं उरलेलं काम देतात, आणि त्यांचंही चूक नाही. एक पान घेऊन जा : प्रश्न, किती चिरे, कुठलं यंत्र, कुठल्या आठवड्यात काय. सरांनी त्यातलं निम्मं खोडलं तर बरंच आहे, याचा अर्थ त्यांनी वाचलं.

आणि विषय बाबांनी सुचवला म्हणून घेऊ नकोस. मानसीच्या, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाणी अडवणाऱ्या, दारांतून किती खारं पाणी खाजनात, बांधामागच्या सखल शेतात, झिरपतं, हाही प्रश्न होऊ शकतो. तुला चिखलात उतरायची आवड असेल तर मी चिऱ्याचा हट्ट धरणार नाही. फक्त प्रश्न असा असू दे की त्याच्या उत्तराला एकक असेल.

चिऱ्यावरच ठरलं तर पिकअपचं भाडं माझ्याकडे लागलं. आपल्या सड्याच्या बाजूला ओळखीचा एक परवानाधारक खणवाला आहे, पण तो म्हणतो नाताळानंतर माणसं सुट्टीवर जातात. तेव्हा पुढच्या रविवारपर्यंत कळव, आणि भट्टीचं माप पाठव.

तुझा,
बाबा

ता. क. ते एक पान सरांना देण्याआधी मला पाठव. शुद्धलेखन आई बघेल, ती म्हणते तुझ्या मेसेजमध्ये सगळे ऱ्हस्व दीर्घ झालेत.