‘रोटरीला आरपीएमची मर्यादाच नाही’ हे साफ चूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत माझदाच्या आरएक्स-७ वरचा लेख वाचला. गाडीचं कौतुक वाचून बरं वाटलं, आमचं पोटच तिच्यावर आहे. पण त्यात एक विधान असं आहे की या गाडीच्या रोटरी इंजिनात पिस्टन नाहीत, वॉल्व्ह नाहीत (त्यांच्या जागी तिकोनी रोटर फिरतो), म्हणून त्याला आरपीएमची, म्हणजे मिनिटाला किती फेरे याची, मर्यादाच नाही. लिमिटर (ठरावीक आरपीएमच्या वर इंजिनाला रोखणारी व्यवस्था) काढला की टर्बोसकट (जादा हवा आत कोंबणारा पंखा) दहा हजारांपर्यंत खुशाल पळवावं. याला गप्प बसून चालणार नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसला आणि आता ऑकलंडमध्ये रोटरी इंजिनं खोलण्या-बांधण्याचं काम करतो. न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर, त्यामुळे इथे रोटरीचं वेड असलेले पुष्कळ भेटतात. शिकायला आलेली आपली पोरंही त्यात आहेत आणि तुमचा पेपर ती मोबाइलवर वाचतात. छापून आलंय म्हणजे खरंच असणार, असं धरून त्यातल्या कुणी लिमिटर वाढवायला गाडीला लॅपटॉप जोडला, तर इंजिन बसतंच आणि वर पैशासाठी घरी फोन करायची पाळी येते.

लेखकाचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. रोटर स्वतः फार जोरात फिरत नाही. एक्सेंट्रिक शाफ्टचे, म्हणजे रोटर ज्यावर बसतात त्या मुख्य दांड्याचे, तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. मीटरवर ८००० दिसतात ते शाफ्टचे. रोटर तेव्हा मिनिटाला २६६७ च्या आसपास फिरत असतो. गोम आहे ती शाफ्टमध्ये. आरएक्स-७ मधल्या दोन रोटरच्या १३बी इंजिनात शाफ्टला मुख्य बेअरिंग फक्त दोन टोकांना असतात, मधे आधार नाही. लेथवर लांब जॉब स्टेडीशिवाय (मधल्या आधाराशिवाय) धरला की मधोमध कसा थरथरतो, हे उद्यमनगरातल्या कुठल्याही पोराला विचारा. शिवाय फिरणाऱ्या रोटरचा शाफ्टवरचा जोर गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८००० वरून ९००० वर गेलात तर आरपीएम वाढले साडेबारा टक्के, पण बेअरिंगवरचा जोर वाढला २७ टक्के. दहा हजारांना तो ५६ टक्के वाढलेला असतो. शाफ्ट लवतो, रोटरची कड बाजूच्या प्लेटला घासते, बेअरिंग खाल्ली जाते, स्टेशनरी गिअरवर (रोटर ज्याभोवती फिरतो त्या स्थिर गिअरवर) नको तेवढा ताण येतो. म्हणून रेसवाले रोटरच्या कडा घासून क्लिअरन्स (मोकळी जागा) काढतात, सगळं बॅलन्स करून घेतात, कडक केलेले गिअर टाकतात, ऑइल प्रेशर वाढवतात, आणि मगच ९००० च्या वरची भाषा करतात.

‘पण माझदाच्याच आरएक्स-८ ला ९००० ची लाल रेघ आहे की!’ हा प्रश्न मला हमखास येतो. आहे, सहा गिअरच्या मॅन्युअलला आहे. पण ते इंजिन बिनटर्बोचं आहे आणि त्याचे रोटर हलके आहेत. शेवटच्या आरएक्स-७ ला, म्हणजे १९९१ ते २००२ मधल्या ‘एफडी’ला, कंपनीने दोन टर्बो दिले आणि रेघ ८००० वर मारली. ती काही भीतीपोटी मारलेली नाही.

आता टर्बोचं. रोटरीत प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एकदा पेटतो. साध्या फोर-स्ट्रोकमध्ये सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा. म्हणजे ८००० ला पेट्रोल आत सोडायला फोर-स्ट्रोकच्या इंजेक्टरला जास्तीत जास्त १५ मिलिसेकंद मिळतात, रोटरीच्या इंजेक्टरला ७.५, आणि ९००० ला जेमतेम ६.७. एफडीला मूळचे इंजेक्टर चार, दोन ५५० सीसीचे आणि दोन ८५० चे (दर मिनिटाला एवढं पेट्रोल). बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवला की लागणारं पेट्रोल वाढतं, आरपीएम वाढवले की ते सोडायचा वेळ घटतो. एका टप्प्यावर इंजेक्टर बंदच होत नाही, सलग उघडा राहतो. त्यापुढे कॉम्प्युटरने कितीही मागितलं तरी थेंब जास्त येत नाही. हवा मात्र येतच राहते. मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि नॉकिंग, म्हणजे मिक्श्चरचा अवेळी स्फोट, सुरू होतं. पिस्टनचं इंजिन थोडं नॉकिंग सोसतं. रोटरीची एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकाला कप्पा बंद ठेवणारी सील, ही दोन मिलिमीटर जाडीची पट्टी. तिला एवढा वेळ कुणी देत नाही.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक एफडी टो करून आली. मोठा एकच टर्बो बसवलेला, इंजेक्टर मात्र कंपनीचेच, आणि मालकाने लिमिटर ८००० वरून ९००० वर नेलेला. प्लग काढून स्टार्टर मारला. धड रोटर असेल तर त्याच्या तीन कप्प्यांचे फुस, फुस, फुस असे तीन सारखे आवाज येतात. इथे एक जोरदार आणि मागून दोन मेलेले. एक सील गेली की तिच्या दोन्ही बाजूंचे दोन कप्पे जातात, त्यामुळे इंजिन खोलायच्या आधीच निदान झालं होतं. खोलल्यावर सीलचा तुकडा गायब. तो एक्झॉस्टमधून निघून टर्बाइनची पाती टवके काढत गेला होता. हाउसिंगच्या क्रोमवर नखाला लागेल असा ओरखडा. आणि बेअरिंग? चकचकीत, पुन्हा वापरण्याजोग्या. वाढवलेल्या आरपीएमने बेअरिंगला हात लावण्याआधीच पेट्रोल कमी पडून इंजिन मेलं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये (नोंदीत) ते स्वच्छ दिसत होतं: ७५०० पर्यंत मिक्श्चर ११ ला १ (११ भाग हवेला एक भाग पेट्रोल), मग ११.६, मग १२.४, आणि पुढे काही नाही.

म्हणून कुणी ‘सेफ आरपीएम किती?’ विचारलं की मी आधी उलट विचारतो: इंजेक्टर आणि पंप कुठवर पुरतात, आणि ताकद कुठे संपते? कंपनीच्या जोडटर्बोवर एफडीची ताकद ६५०० लाच शिखरावर असते. त्यापुढे ९००० पर्यंत ओढलं तर मिळते ती उष्णता. अशा गाडीला लिमिटर ८००० वरच ठेवावा आणि पुढचा गिअर साडेसात हजारांना टाकावा, कम्प्रेशन उतरलेलं असेल तर आणखी आधी. मोठा टर्बो असेल तर आधी इंजेक्टर आणि पंप, मग बूस्ट, आणि लिमिटरला हात सगळ्यात शेवटी.

ट्यूनिंगमध्ये ताकद काढण्याच्या बाबतीत मी कंजूष आहे, लोक नावं ठेवतात. बूस्टवर मिक्श्चर ११ च्या आसपास, जरा रिचच, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. इथे ९८ ऑक्टेन मिळतं, तेच भरायचं. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग. बूस्टवर ट्रेलिंग दहा ते पंधरा अंश मागून पेटवायचा. हे अंतर कमी करून थोडी ताकद मिळते हे मलाही माहीत आहे, पण सीलही त्यातच जातात. आरपीएम किंवा बूस्ट वाढवायचा तर लीडिंगला सातच्या जागी नऊ नंबरचा थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग. आणि लिमिटर इंजिनाला कसा रोखतो तेही बघावं: भर बूस्टवर पेट्रोल अर्धवट कमी करणारा लिमिटर म्हणजे नेमक्या नको त्या क्षणी मिक्श्चर लीन करणं. पेट्रोल पूर्ण बंद झालं तर निदान पेटत तरी नाही.

तापमानाचंही तसंच. रोटर आतून तेलाने थंड होतो, त्यामुळे पाणी गरम झालं म्हणून गाडी पिळायची नसते, तेल गरम व्हावं लागतं. एफडीचा मूळचा पाण्याचा काटा तर इंजिन बरंच तापेपर्यंत मधोमध निवांत उभा असतो. त्यावर विसंबू नये, वेगळा गेज लावावा.

लेखात १९९१ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतल्या माझदाच्या विजयाचा दाखला दिलाय, तो तर उलटाच लागतो. ती जिंकणाऱ्या ७८७बी चं चार रोटरचं इंजिन टर्बोशिवाय होतं. त्यातून आणखी ताकद निघत होती, तरी माझदाने शर्यतीत ७०० हॉर्सपॉवर आणि ९००० आरपीएमवर समाधान मानलं, कारण २४ तास काढायचे होते.

लेखकाला माझा राग नाही. मात्र ‘मर्यादाच नाही’ या विधानाची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, वाचता येईल अशा टायपात छापावी. हवे असतील तर तुटलेल्या सीलचे आणि त्या लॉगचे फोटो पाठवतो, मालकाने नाव न छापण्याच्या अटीवर परवानगी दिली आहे.

आपला,
मूळचा कोल्हापूरचा एक रोटरी मेकॅनिक
ऑकलंड, न्यूझीलंड