दोष कुणाच्या माथी?

सोलापूर
रविवार

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

सध्या मी ब्राऊन विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्रम माले यांचं काम वाचतोय. माणसं एकमेकांना दोष कसा देतात, हा त्यांचा मूळ अभ्यास. तोच धागा धरून ते रोबोंकडे वळले.

2015 सालचा त्यांचा प्रयोग ऐक. खाणीत रुळावरची गाडी बेकाबू झालीय, आत चार कामगार. सांधा बदलून ती दुसऱ्या रुळावर वळवली तर चौघं वाचतात, पण त्या रुळावरचा एक जण जातो. माणसाने सांधा बदलला, तर लोक त्याला जास्त दोष देतात. रोबोचं उलट: तो नुसता बघत राहिला, तर जास्त दोषी. पुढच्या वर्षी चित्रं दाखवून विचारलं, तेव्हा माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोला लोकांनी जवळजवळ माणसाचाच न्याय लावला. चेहऱ्याने एवढा फरक पडतो, बघ.

हे वर्गात मांडलं. एक मुलगी उठली. "सर, पण गाडी सुटली कशी? ब्रेक कुणी तपासले नव्हते?"

मी गप्पच झालो. तिचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. मोटारीच्या पट्ट्यात त्यांचं बोट गेलं. पट्ट्यावरची जाळी कधीच काढून ठेवलेली. त्यात सुताची तूस साचते, सारखी साफ करावी लागते, म्हणून. कारखान्यात सगळे म्हणाले, मागाने बोट खाल्लं. वर त्यांनाच ऐकवलं, लक्ष कुठं होतं?

माले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दोषाची उकल केलीय. हे कुणामुळे घडलं? मुद्दाम केलं का? नसेल, तर टाळणं कुणाचं काम होतं आणि त्याला ते जमलं असतं का? आता त्या जाळीला हे प्रश्न लाव. उत्तर मागापाशी थांबतच नाही, थेट मालकाच्या केबिनमध्ये जातं.

उद्या त्या मागाच्या जागी डोळे-तोंड असलेला, मराठीत बोलणारा रोबो आला, तर सगळा राग त्याच्यावरच निघेल आणि मालक अलगद सुटेल, ही भीती मला खरोखर वाटते. प्रयोगातल्या लोकांना दोष देता येत होता तो सांधा धरणाऱ्यालाच. ब्रेकवाला त्या गोष्टीत नव्हताच. आपल्याकडे तो असतो, नावागावासकट.

तुमच्या चाकणच्या प्लांटमध्ये वेल्डिंगचे रोबो आहेत ना? तिथे कुणाला लागलं, तर अपघाताच्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात काय लिहितात? आणि ते लिहितं कोण? नीट विचारून सविस्तर कळव. मुलांना दाखवायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश