घर स्वस्त आहे, पण जानेवारीचं बिलही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कॅनडावरचा लेख वाचला, म्हणजे खरं तर आईने पेपरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं की बघ, तुमचंच छापून आलंय. टोरांटोत परवडत नसेल तर अल्बर्टाला जा, घरं स्वस्त, टॅक्स कमी, असा सगळा सूर. आम्ही २०२३ मध्ये टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनहून अल्बर्टातल्या एडमंटनला शिफ्ट झालो, रस्त्याने साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

लेखात खोटं काही नाही. ऑन्टारियोत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, खरेदीवर १३ टक्के टॅक्स लागतो, इथे फक्त ५ टक्के जीएसटी. घर घेताना तिकडे लँड ट्रान्सफर टॅक्स भरावा लागतो आणि टोरांटो शहरात तर तो दोनदा, एकदा प्रांताला एकदा महापालिकेला, इथे तो प्रकारच नाही, किरकोळ रजिस्ट्रेशन फी भरली की झालं. तिकडे ज्या पैशात कॉन्डो म्हणजे फ्लॅट बघत होतो त्यात इकडे बेसमेंट आणि गॅरेजसकट घर मिळालं. उगाच नाही २०२३ मध्ये दुसऱ्या प्रांतांत गेलेले वजा करूनही ५५ हजारांच्या वर जास्तीची माणसं देशातल्या देशात उठून इथे आली.

पण बाकीचा हिशोब लेखात कुठेय? इथे विजेचा भाव बाजारावर चालतो. आम्ही आलो तेव्हा म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये फिक्स्ड प्लॅन नसलेल्यांना एका युनिटला ३० सेंटच्या वर पडत होते, आता २०२५ पासून त्यांच्यासाठी तो साधारण १२ सेंटवर बांधून दिलाय, तरी बिल हातात आलं की बघा, वापरलेली वीज एका ओळीत आणि खाली ट्रान्समिशन, डिस्ट्रिब्युशन, ॲडमिन, लोकल ॲक्सेस फी अशी रांग. गॅसचंही तेच. घर गरम ठेवणारा फर्नेस ऑक्टोबरला सुरू होतो तो एप्रिलपर्यंत बंद करायची सोय नाही, घरी कोणी नसलं तरी चालूच ठेवावा लागतो नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतात. गाडीचा इन्शुरन्सही काही स्वस्त नाही, सगळा खासगी कंपन्यांकडे, आणि त्यात गारपीट, ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्याच कॅलगरी शहरात गारांनी घरा-गाड्यांचं काय केलं ते आठवा. भाड्याने राहणार असाल तर हेही ऐका, इथे घरमालक वर्षातून एकदाच भाडं वाढवू शकतो पण किती वाढवायचं याला कायद्याने मर्यादाच नाही.

आणि विद्यार्थ्यांना हे कोणीच सांगत नाही की इथलं किमान वेतन २०१८ पासून ताशी १५ डॉलरवरच अडकलंय, ऑन्टारियोत ते १७ च्या वर गेलंय. जो मुलगा पार्ट टाइमवर खोलीचं भाडं काढणार आहे त्याला घराच्या किमतीचं काय करायचंय?

थंडीबद्दल लोक उगाच घाबरवतात असं माझं मत आहे. उणे २० ला शाळा चालू असते, मुलं बाहेर खेळतात, कपडे नीट असले की काही होत नाही. त्रास होतो तो कोरड्या हवेचा, नाकातून रक्त येतं, ह्युमिडिफायर लावल्याशिवाय झोप नाही, दही लावायचं तर ओव्हनचा दिवा चालू ठेवून आत. इथल्या बऱ्याच गाड्यांच्या तोंडातून एक वायर लोंबत असते, रात्री इंजिन गरम राहावं म्हणून प्लगला लावायची, बाबांनी व्हिडिओ कॉलवर बघितली तर म्हणाले इलेक्ट्रिक घेतलीस, अभिनंदन. जानेवारी २०२४ मध्ये मात्र उणे ४० च्या आसपास गेलं आणि १३ तारखेच्या संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर एकदम अलर्ट वाजला की वीज वाचवा, ग्रिड कोलमडायच्या बेताला आलंय. लोकांनी खरंच दिवे बंद केले आणि निभावलं. अंधार हा वेगळाच विषय, डिसेंबरात उजेड जेमतेम साडेसात तास, नाइट शिफ्टवाल्यांना तर सूर्य सुट्टीच्या दिवशीच भेटतो.

तरी कोणी विचारलं तर मी या असंच सांगते, पण नोकरी हातात घेऊन या. इंजिनिअर, नर्स, शिक्षक यांनी तर आधी लायसन्सचं बघा, ते प्रांतागणिक वेगळं असतं, ट्रान्सफर होतं पण कागद हलायला वेळ लागतो. पहिला हिवाळा भाड्याने काढा आणि मगच घराचं बघा. इथे आल्यावर भारताशी वेळेचा फरकही हिवाळ्यात साडेबारा तासांचा होतो, आई सकाळचा चहा घेत असते तेव्हा आमची संध्याकाळची पोरांची, अभ्यासाची, जेवणाची धावपळ, बोलणं शनिवार-रविवारवर जातं. आईला लेखातलं स्वस्त घर आवडलं, हे नाही आवडत.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा घराच्या किमतीशेजारी जानेवारीचं गॅस-विजेचं बिल आणि ताशी पगार एवढं तरी छापा. हवं तर आमचं बिल स्कॅन करून पाठवते, फक्त नाव-पत्ता खोडून टाका.

आपली एक वाचक,
एडमंटन, कॅनडा (मूळ सातारा)