सहाव्या घरापर्यंत आलेल्या साहेबांस

आदरणीय साहेब,

सादर नमस्कार. मागच्या महिन्यात आमची आत्या गेली. तिला शेवटची आंघोळ घालायला वाडीतल्या बायका आपणहून पुढे आल्या, आणि ते पाहिल्यापासून आपल्याला लिहायचे इतकी वर्षे राहून गेले, ही बोच मला स्वस्थ बसू देत नाही.

कोयनेच्या जलाशयापलीकडे, कांदाटी खोऱ्यात आमची नऊ घरांची वाडी. तापोळ्याहून लाँचने यायचे आणि पुढे डोंगर चढायचा, अशी ती वाट. आम्हा भावंडांना अक्षरओळखीच्या आधी एक वाक्य पाठ झाले होते : आत्या मुंबईला असते. ती माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत असे. तिची बोटे वाकत चालली होती आणि चुलीतले लाकूड सारताना हात पोळला तरी तिला कळत नसे. पाहुणा आला की आई त्या दारापुढे सुपे-टोपल्या रचून ठेवी. कुष्ठरोगाचे नाव बाहेर गेले तर मुलींची लग्ने व्हायची नाहीत, या भीतीने वडील घरातसुद्धा मोकळेपणाने बोलत नसत.

आपण तिला तपासायला येण्याआधी देवऋषी कोंबडे घेऊन गेला होता आणि एका शिकलेल्या डॉक्टरांनी तिला उंबऱ्याबाहेर उभे करून औषधाची चिठ्ठी लांबूनच टाकली होती. देवऋषाला मी माफ केले आहे. डॉक्टरांना माफ करणे अजून जमत नाही, कारण या रोगाचा जंतू १८७३ सालीच सापडला आणि खात्रीचे बहुविध औषधोपचार १९८०च्या दशकापासून उपलब्ध आहेत, हे त्यांना नक्कीच ठाऊक होते.

२००३ साली लाँचची वाट पाहताना आईने धीर करून आपल्या कानावर ही गोष्ट घातली. घर कोणते, हे आपल्याला नेमके माहीत होते. तरीही आपण वाडीच्या पहिल्या घरापासून तपासणीला सुरुवात केली, प्रत्येकाच्या पाठी आणि तळहात पाहिले, सहावे घर आमचे आले तेव्हा आतल्या खोलीत आधीच्या प्रत्येक घराइतकाच वेळ बसलात, आणि अंधार पडत असतानाही उरलेली तीन घरे सोडली नाहीत. शेवटची लाँच निघून गेली. ती रात्र आपण देवळात काढलीत, पण आपण कोणासाठी आला होतात, हे वाडीला कळले नाही.

औषध बारा महिने चालले. गोळ्यांनी आत्याची कातडी काळवंडली तेव्हा आम्ही उन्हाचे कारण सांगितले. वाकलेली बोटे सरळ झाली नाहीत, परंतु रोग गेला, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती लावणीला सगळ्यांबरोबर खाचरात उतरली. खरी गोष्ट तिने पुढे स्वतःच बायकांना सांगितली, तिला वाटले तेव्हा. दुसऱ्याची लाज इतक्या जपून हाताळणारी माणसे मी नंतर फार थोडी पाहिली.

वर्षश्राद्धाला आपण यावे, ही विनंती. या वेळी पहिल्या घरापासून सुरुवात करू नये. थेट आमच्याकडे यावे.

आपली कृतज्ञ,
तिची भाची