लाल वायर नेमकी कुठून घ्यायची

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर घेतलास आणि तो ओढणाऱ्या मोटरहोममधला, म्हणजे चाकांवरच्या घरातला, ब्रेक कंट्रोलर (पेडल दाबले की ट्रेलरचे ब्रेक लावणारे यंत्र) कुणाकडून बसवून न घेता स्वतःच बसवायचा निश्चय केलास, हे वाचून आनंद झाला. खरे सांगायचे तर थोडी धास्तीही वाटली, कारण हाच निश्चय मी केला होता तेव्हा माझ्या हातून झालेली चूक मी अजून विसरलेलो नाही. ती पुढे सांगतोच.

कंट्रोलरच्या खोक्यात चार वायरींचे एक चित्र आहे, तेवढ्यावर काम भागेल का, असे तू विचारले आहेस. वायरी चारच आहेत हे खरे, पण ते चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिकअप ट्रक असतो. तिथे बॅटरी जवळच बॉनेटखाली, डॅशबोर्डाखाली जिकडे स्क्रू मारावा तिकडे लोखंड आणि मागचा हुक पाच-सहा मीटरवर. मोटरहोममध्ये बॅटऱ्यांचे दोन संच असतात (एक इंजिनाचा म्हणजे चासीचा, दुसरा आतल्या घराचा), डॅशबोर्डामागे प्लायवूड आणि फायबर असते, इंजिन कधी पुढे तर कधी अगदी शेपटाला असते आणि हुकापर्यंत वायर न्यायची तर वळणे धरून चौदा मीटर सहज लागतात. त्यामुळे प्रत्येक वायर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे इथे आपले आपणच शोधावे लागते.

उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक कंट्रोलरांमध्ये काळी वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला जाते, पांढरी अर्थला, लाल वायर ब्रेक लाइटच्या स्विचकडून इशारा आणते आणि निळी वायर ट्रेलरच्या ब्रेकपर्यंत करंट नेते. ट्रेलरच्या प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक बसवलेला असतो. त्याला करंट मिळाला की तो ड्रमच्या फिरत्या पृष्ठाला धरू पाहतो, त्याबरोबर थोडा ओढला जातो आणि त्याला जोडलेला लिव्हर ब्रेक शू बाहेर दाबतो. म्हणजे निळ्या वायरीतून जितका करंट पोहोचेल तितका ब्रेक लागेल. तुझ्या ट्रेलरचे ब्रेक याच प्रकारचे आहेत ना, एवढे आधी पाहून घे. विजेच्या पंपावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतील तर कंट्रोलर त्यांना चालणारा आहे का, हे तपासल्याशिवाय खोके फोडू नकोस.

आता लाल वायर, कारण माझी चूक इथलीच. ही वायर अशा ठिकाणी जोडायची की पेडलवर पाय असतानाच तिथे १२ व्होल्ट येतील आणि पाय काढताच ते शून्य होतील. ऐकायला सोपे वाटते. पण अनेक गाड्यांच्या पेडलच्या स्विचला चार वायरी असतात. दोन ब्रेक लाइटच्या आणि दोन क्रूझ कंट्रोल तोडण्याच्या. क्रूझच्या जोडीत करंट नेमका उलटा, म्हणजे पाय वर असताना, मिळतो. ब्रेक लाइटच्या जोडीतही एक बाजू कायम जिवंत असते, ती आपल्याला नको. स्विच दाबल्यावर जिवंत होणारी बाजू हवी. मागच्या दिव्यांपाशी लाल वायर जोडण्याचा मोह तर मुळीच धरू नकोस. जिथे ब्रेकचा आणि वळणाचा दिवा एकच असतो, तिथे डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे ब्रेकही त्याच तालावर लागत-सुटत राहतात. जागा पक्की करण्यापूर्वी धोक्याचे चारही इंडिकेटर लाव, पेडलला पाय लावू नकोस आणि मल्टिमीटरचा आकडा हलतो का ते पाहा. हे मोजमाप मल्टिमीटरनेच कर. बल्बचा टेस्टर बराच करंट ओढतो आणि ज्या गाड्यांत ब्रेक लाइट संगणकाच्या हुकमावर लागतात तिथे तो वापरणे बरे नव्हे.

मी हे सगळे तपासले होते आणि तरीही चुकलो. माझ्या त्या वेळच्या गाडीत मागे डिझेल इंजिन, हवेचे ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी मंदावणारा) होता. डॅशबोर्डाखालच्या फ्यूजच्या पेटीत ब्रेक लाइटकडे जाणारी वायर हाताशी सापडली, मोजली, पेडल दाबताच १२ व्होल्ट दाखवले, सोडताच शून्य, म्हणून लाल वायर तिथेच जोडली. ती वायर रिलेच्या (लहान करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणाऱ्या स्विचच्या) पुढची होती आणि त्याच रिलेला एक्झॉस्ट ब्रेकही इशारा देत होता, कारण गाडी मंदावते आहे हे मागच्यांना कळावे म्हणून एक्झॉस्ट ब्रेक लागला की ब्रेक लाइट लागतात. गाडी उभी करून तपासताना एक्झॉस्ट ब्रेक लागण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे हे कळले नाही. पहिल्याच लांब उतारावर पाय पेडलपासून दूर, गाडी एक्झॉस्ट ब्रेकवर शांतपणे उतरते आहे आणि कंट्रोलरच्या खिडकीत एक लहानसा आकडा तेवत राहिला आहे. आकडा दोनच्या आसपास होता; यंत्र नवे आहे, दाखवत असेल काहीतरी, असे म्हणून मी दुर्लक्ष केले. पायथ्याशी थांबून खाली उतरलो तर जळक्या लायनरचा वास आला. चाकाच्या मध्यावर बाटलीतले पाणी शिंपडले तर थेंब तडतडत उडून गेले. सारा उतारभर ट्रेलरचे चारही ब्रेक किंचित लागलेले होते आणि ज्या वेळी ते खरोखर हवे होते तेव्हा तापून निकामी झाले असते.

तुझ्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेक किंवा तसेच गाडी मंदावणारा रिटार्डर असेल तर लाल वायर रिलेच्या अलीकडे, थेट पेडलच्या स्विचवरून घे. हवेचे ब्रेक असतील तर हा स्विच हवेच्या दाबावर चालणारा असतो, तो शोधायला थोडा वेळ लागतो. चासी बनवणाऱ्याने कंट्रोलरसाठी तयार कनेक्टर ठेवला असेल, जसा फोर्डच्या एफ-५३ चासीवर डॅशबोर्डाखाली असतो, तर निम्मे काम वाचेल. मात्र त्यातल्या प्रत्येक टोकाचेही मोजमाप कर.

काळी वायर चासीच्या बॅटरीवरूनच घे, घरातल्या दिव्या-पंख्यांच्या बॅटरीवरून नव्हे. घराची बॅटरी बंद करणारे एक बटण बहुधा दाराजवळच असते आणि कुणी सवयीने ते दाबले तर ट्रेलरचे ब्रेक गेल्याचे पहिल्या वळणावर कळेल. बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ सर्किट ब्रेकर बसव. दोन ते चार ब्रेकांच्या ट्रेलरला २० अँपिअरचा आणि सहा किंवा आठ ब्रेकांना ३० अँपिअरचा, हे प्रमाण सर्वत्र पाळले जाते. तो ब्रेकर आपोआप पुन्हा जुळणारा असावा. रस्त्यात साधा फ्यूज उडाला तर तो बदलेपर्यंत ट्रेलरला ब्रेक नाहीत.

वायरीच्या जाडीबद्दल मी जरा हट्टी आहे. चित्रात १२ गेज लिहिले असेल. हे अमेरिकी गेज असते, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मिलिमीटर, आणि आकडा लहान होईल तशी वायर जाड होत जाते, असा हा उलटा हिशेब आहे. दहा-बारा इंची ड्रमच्या चुंबकाचा रोध साधारण ३.२ ओहम असतो, चार चुंबक समांतर जोडले की ०.८ ओहम, म्हणजे पूर्ण जोराने ब्रेक लावला तर पंधरा-सोळा अँपिअर. आता इंजिन मागे आहे असे धर. बॅटरी मागे, तिथून चौदा मीटर वायर पुढे कंट्रोलरपर्यंत आणि चौदा मीटर परत मागे, ट्रेलरचा प्लग लागतो त्या सॉकेटपर्यंत. एवढ्या अंतरात १२ गेजची वायर जवळजवळ २ व्होल्ट गिळते. तेरापैकी दोन व्होल्ट वाटेतच गेले तर ब्रेकचा जोरही त्याच प्रमाणात गेला. याच अंतराला ८ गेज, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर नुकसान १ व्होल्टच्या आत राहते. पुढे डॅशबोर्डाजवळ चासीच्या बॅटरीची जाड केबल आधीच आणून ठेवली असेल तर काळ्या वायरीचा प्रवास वाचतो आणि १० गेजमध्ये काम छान होते. जाड वायर ओढताना कोपरे खरचटतील, कुरकुर करशील, पण ती ओढच.

पांढऱ्या वायरीत बहुतेकांचे घोडे अडते. डॅशबोर्डाखाली चमकणारी पट्टी दिसली म्हणून तिला स्क्रू मारू नकोस; मोटरहोममध्ये ती पट्टी बरेचदा लाकडाला ठोकलेली असते आणि तिचा चासीशी काही संबंध नसतो. पांढरी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा रंग खरवडून चकचकीत केलेल्या चासीच्या लोखंडाला, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि दातेरी वॉशर घालून, घट्ट आवळ. मागच्या सॉकेटच्या अर्थलाही हाच नियम लागू आहे. हुकाच्या गोळ्यातून अर्थ आपोआप मिळतो असे सांगणारे भेटतील. ग्रीस आणि गंज यांतून जितका मिळेल तितकाच तो मिळतो. काळी आणि पांढरी वायर उलटी जोडली तर कंट्रोलर बहुधा तिथेच संपतो, एवढे पुरे.

सॉकेटवर सात पाती दिसली म्हणून सातही वायरी मागे पोहोचल्या आहेत असे समजू नकोस. मोटरहोमच्या मागे पुष्कळ जण मोटार ओढतात, तिला फक्त दिवे लागतात. त्यामुळे निळ्या वायरीच्या जागी कोरे पाते किंवा पॅनेलमागे गुंडाळून टेप लावलेले टोक सापडणे नेहमीचे आहे. रंगांवरही विसंबू नकोस. ट्रेलरच्या वायरिंगमध्ये दोन रंगपद्धती चालतात. एकीत मागचा लहान दिवा तपकिरी तर दुसरीत हिरवा, आणि तोच तपकिरी रंग दुसरीत उजव्या वळणाला. सुदैवाने ब्रेकची निळी आणि अर्थची पांढरी दोन्हींकडे सारखी आहे. जोड देताना वायर कापत आत शिरणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा वापरू नकोस. त्या तारा तोडतात आणि पुढच्या पावसाळ्यात हिरव्या पडतात. जोड क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीने दाबून घट्ट करून, वरून उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घाल.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा निगेटिव्ह काढशीलच, पण बाहेरून घेतलेली वीज आणि छतावरच्या सोलर पॅनेलची जोडणीही तोड. एवढ्यावरही ज्या वायरीला हात लावशील ती आधी मोज.

कंट्रोलर गाडीचा वेग कमी होण्याच्या प्रमाणात ब्रेक लावणारा असेल तर तो प्रवासाच्या दिशेला समांतर आणि पक्क्या आधारावर बसव. हलणाऱ्या पातळ पत्र्यावर बसवला तर प्रत्येक खड्ड्याला तो ब्रेक समजेल. निळी वायर कधीही अर्थला टेकू देऊ नकोस.

तपासण्याची सुरुवात ट्रेलरपासून कर. प्लग काढलेला असताना त्याच्या निळ्या आणि पांढऱ्या पात्यांमधला रोध मोज. मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचे ०.२-०.३ ओहम वजा करून ०.८ च्या आसपास आकडा आला पाहिजे. १.६ आला तर दोन चुंबक तुटलेले आहेत आणि तो दोष तुझ्या वायरिंगचा नाही. मग प्लग जोड, कुणाला तरी कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबून धरायला सांग आणि एक साधे होकायंत्र घेऊन प्रत्येक चाकामागे ड्रमजवळ धर. चुंबक जिवंत असेल तर काटा झटक्यात वळतो. कान जवळ नेलास तर बारीक गुणगुणही ऐकू येईल. निळ्या वायरीवरचे व्होल्टेज मोजायचे ते लिव्हर पूर्ण दाबूनच, कारण कमी जोरावर कंट्रोलर करंट तुकड्या-तुकड्यांनी सोडतो आणि साधा मल्टिमीटर भलताच आकडा दाखवतो. शेवटी कोरड्या, सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने लिव्हर पूर्ण दाब आणि चाके जाम होण्याच्या किंचित अलीकडे जोर ठेव. ब्रेक थोडे तापल्यावर हे पुन्हा एकदा करावे लागते.

ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा पिनचा स्विचही तपास, पण प्लग काढून. जोडलेला असताना पिन ओढली तर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरू शकतो. अमेरिकेत व्यापारी वाहनांच्या संघीय नियमांत हे ब्रेक किमान १५ मिनिटे लागलेले राहावेत अशी अट आहे. तुझी ट्रेलरची बॅटरी तेवढा दम धरते का ते घड्याळ लावून पाहा. पिनची दोरी हुकाच्या गोळ्याला नव्हे तर गाडीच्या चासीला बांध, नाहीतर हुकच निखळला तर दोरी त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागेवरच राहील.

एक्झॉस्ट ब्रेक असेल तर पहिल्या उतारावर शेजारी बसणाऱ्याला कंट्रोलरच्या खिडकीवर नजर ठेवायला सांग. तुझा पाय पेडलवर नसताना तिथे काहीही उजळता कामा नये. उजळले तर थांब, लाल वायर काढ आणि मला कळव. सगळे ठीक झाले तरी प्लगवरचा रोध आणि लिव्हर पूर्ण दाबल्यावर सॉकेटवर मिळालेले व्होल्टेज हे दोन आकडे पत्रातून कळवच; माझ्या वहीत माझ्या गाडीचे आकडे आहेत, त्यांच्याशी ताडून पाहीन.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
विनायक